महासागरी प्रवासासाठी जुनी शिडाची नौका : ३५ फुटी की ४२ फुटी?

वायव्य_वारा

नमस्कार. मी आणि माझी पत्नी गेली अठरा वर्षे इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, साउदॅम्प्टनजवळ राहतो. त्यांतली अकरा वर्षे आम्ही सोलंटच्या सामुद्रधुनीत शिडाच्या नौका चालवत आलो आहोत, पण त्या नेहमी क्लबच्या किंवा मित्रांच्या होत्या. इंग्लिश खाडी अनेकदा ओलांडली. बिस्केचा उपसागर एकदाच, तोही दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी म्हणून. दोन वर्षांनी मुलगी शिक्षणासाठी बाहेर पडली, की स्वतःच्या नौकेने निघायचे आम्ही ठरवले आहे. उन्हाळ्याच्या शेवटी बिस्के ओलांडून कॅनरी बेटे, नोव्हेंबरच्या अखेरीस व्यापारी वाऱ्यांबरोबर कॅरिबियन, पुढे पनामा कालवा आणि जमल्यास पॅसिफिक, असा मार्ग मनात आहे.

नौका विकत घेऊन ती सज्ज करण्यासाठी आमच्याकडे एकूण ७०,००० पौंड आहेत आणि सध्या दोन नौकांवर आमचे लक्ष आहे. पहिली कॉर्नवॉलमध्ये फाल्मथजवळ आहे. १९८४ सालची, ३५ फुटी, लांब कीलची (कील म्हणजे तळाखाली उतरलेला, नौकेला सरळ ठेवणारा जड कणा), वजनाने जड. आतून जुनाट दिसते, उपकरणे जवळजवळ नाहीतच. तिच्यासाठी ५४,००० पौंड मागत आहेत. दुसरी ग्रीसमध्ये आहे. २००५ सालची, ४२ फुटी, मोठ्या कारखान्यात तयार झालेली, आधी काही वर्षे पर्यटकांना भाड्याने दिली जात असे. तिच्यावर सौर पट्ट्या, रडार, खाऱ्याचे गोडे पाणी करणारे यंत्र, नव्या बॅटऱ्या असे सगळे काही आहे, आणि किंमत ६८,००० पौंड. मन दुसरीकडे ओढ घेते आहे, कारण तिच्यात पाऊल टाकल्यावर घरात आल्यासारखे वाटते. ज्यांनी अशी खरेदी केली आहे किंवा ज्यांना नौकाबांधणीची माहिती आहे, त्यांनी कृपया सविस्तर मत द्यावे.

मुख्य_अभियंता

एकतीस वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून आता रत्नागिरीत निवृत्त आहे. शिडाच्या नौका दोन मित्रांसाठी तपासल्या, त्यामुळे बोलण्याचा थोडा अधिकार आहे असे समजतो.

जाहिरातीतली उपकरणांची यादी आधी बाजूला ठेवा. रडार, बॅटरी, सौर पट्ट्या या दहा वर्षांत जुन्या होणाऱ्या वस्तू आहेत आणि त्या कोणत्याही बंदरात पैसे मोजून मिळतात. खाऱ्याचे गोडे पाणी करणाऱ्या यंत्रातले पडदे तर हंगामभर न वापरता, जपणूक न करता पडून राहिले तर निकामी होतात, म्हणून ‘यंत्र आहे’ आणि ‘यंत्र चालते’ ही दोन वेगळी विधाने समजावीत. पैसे टाकूनही सहज बदलता येत नाहीत त्या गोष्टी म्हणजे हल (नौकेचे बाहेरचे कवच), कील आणि त्यांचा जोड, सुकाणू, डेक आणि डोलकाठीचा भार हलपर्यंत पोचवणारे भाग. किंमत त्यांची असते.

इंजिन बघायला जाल तेव्हा मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवा, की आपण येण्यापूर्वी ते सुरू करू नये. थंड इंजिन किती वेळात पेट घेते आणि सुरुवातीला धूर कोणत्या रंगाचा निघतो, हे बघणे फार मोलाचे असते. निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा धूर म्हणजे हवा कमी पडते आहे किंवा इंजिनावर ताण आहे. पांढरा बराच वेळ राहिला तर न जळलेले डिझेल किंवा पाण्याची वाफ. समुद्रावरच्या चाचणीत पूर्ण वेगाने किमान वीस मिनिटे चालवा आणि तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा. बंदरात शांतपणे टुकटुकणारे इंजिन हीट एक्स्चेंजर (इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणारा भाग) चोंदलेला असेल तर पूर्ण भाराखाली पंधराव्या मिनिटाला तापते. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवला, तर आतल्या झिजेची धातूनिहाय कल्पना येते आणि खर्चही फारसा नसतो.

तळाला पाणी आत-बाहेर जाण्यासाठी जी भोके असतात, त्यांवरच्या झडपा, म्हणजे सीकॉक, एकेक करून हाताने फिरवून पाहा. साध्या पितळेचे असतील तर खाऱ्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते आणि मागे सच्छिद्र तांबे राहते. खरवडल्यावर आतला रंग पिवळ्याऐवजी गुलाबी दिसला, तर तो सीकॉक बदलायचा, यात चर्चेला जागा नाही. नौका बुडवण्यासाठी तेवढे एक भोक पुरते.

मांडवीकाठ

मी गोव्यात फायबरग्लासच्या नौका बांधणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या यार्डात काम करतो. ‘म्हादेई’ आणि ‘तारिणी’ या नौदलाच्या नौका गोव्यातच बांधल्या गेल्या, तेव्हा आमच्या भागात महासागरी नौकेची भाषा कानावर पडतच वाढलेली पिढी आहे. अभियंतासाहेबांनी सांगितलेले सगळे मान्य आहे. त्यात हल, डेक आणि कील यांविषयी थोडी भर घालतो.

जुन्या फायबरग्लासच्या नौकेबद्दल लोक सर्वांत जास्त घाबरतात ते ऑस्मॉसिसला. जेलकोटमधून, म्हणजे हलच्या बाहेरच्या चकचकीत थरातून, पाण्याचे कण हळूहळू आत शिरतात, रेझिनमधल्या काही द्रव्यांशी त्यांची क्रिया होऊन आंबट वासाचे द्रव तयार होते आणि पृष्ठभागावर फोड उठतात. फोडलेल्या फोडातून व्हिनेगरसारखा वास आला, की ओळख पटते. पण ऑस्मॉसिसमुळे नौका समुद्रात मोडल्याचे क्वचितच ऐकू येते. तळ सोलून, महिनोन्महिने वाळवून, वर इपॉक्सीचा थर देणे हा वेळ आणि पैसे खाणारा, पण माहीत असलेला उपाय आहे. त्यामुळे थोडे फोड दिसले म्हणून चांगली नौका सोडू नये. किमतीत ते धरावे. ओलाव्याचे मीटर वापरताना नौका किमान काही आठवडे जमिनीवर कोरडी उभी असली पाहिजे. काल पाण्यातून उचललेल्या नौकेचे आकडे दिशाभूल करतात.

खरी काळजी डेकची करावी. हलके आणि ताठ व्हावे म्हणून बहुतेक डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड भरलेले असते. कठड्याचे खांब, विंच, रुळ हे सगळे बोल्टने बसवलेले असतात आणि वीस-तीस वर्षांत त्या भोकांभोवतीचे सीलंट मरते. मग पाणी बाल्सामध्ये शिरून ते कुजते. छोट्या प्लास्टिकच्या हातोडीने डेकभर ठोकत जावे; टणक आवाज येतो तिथे ठीक, बोदा आवाज येतो तिथे आत पाणी किंवा पोकळी. त्यावर सागाच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी बसवलेल्या असतील, तर प्रत्येक स्क्रू पाण्याची एक वाट असतो. सागाचे डेक पाहून आपल्याकडच्या माणसाचे मन भरून येते, पण जुन्या नौकेत मी ते उणे धरतो.

आता कील. आमच्याकडच्या लाकडी मचव्यात तिला पठाण म्हणतात आणि सगळी नौका तिच्यावर उभी राहते. आपल्या ३५ फुटी नौकेसारख्या जुन्या रचनेत बहुधा कील हलचाच भाग असते आणि वजन तिच्या पोटात भरलेले असते. ४२ फुटी नौकेची कील खोल, अरुंद आणि बोल्टने तळाला लटकवलेली असणार. त्या रचनेत दोष असतोच असे नाही. हजारो नौका तशाच आहेत. पण तिला खडकाचा किंवा वाळूच्या दांड्याचा धक्का बसला, की भार मागच्या कडेने वर ढकलला जातो आणि हलच्या आत चिकटवलेली मजबुतीची जाळी, ज्याला मॅट्रिक्स म्हणतात, तळापासून सुटू लागते. वरून बिछायत आणि लाकडी तळ असल्याने ते दिसत नाही. २०१४ च्या मे महिन्यात ‘चीकी राफिकी’ ही ४० फुटी नौका अँटिग्वाहून इंग्लंडला परत येताना अटलांटिकच्या मध्यावर कील गळून उलटली आणि तिच्यावरचे चारही जण गेले. ब्रिटिश सागरी अपघात तपास शाखेच्या अहवालात आधीच्या तळ-टेकण्या आणि त्यांनंतरच्या दुरुस्त्या यांमुळे ही जोडणी कमकुवत झाली असण्याची शक्यता मांडली आहे. भाड्याने दिलेली नौका किती वेळा तळाला लागली, हे तिच्या मालकालासुद्धा माहीत नसते, कारण आठवडाभराचा पाहुणा ते सांगत नाही. म्हणून ग्रीसमधली नौका घ्यायचीच असेल, तर तिच्या मॅट्रिक्सच्या कडा टॉर्चने इंच इंच पाहणारा आणि कीलच्या मागच्या टोकाजवळ केसासारख्या भेगा शोधणारा सर्व्हेअर घ्या.

हर्णैचा

मला दुसरी बाजू मांडावीशी वाटते. दरवर्षी नोव्हेंबरमध्ये ग्रान कनारियाच्या लास पाल्मासहून सेंट लुशियाला, १९८६ पासून सुरू असलेल्या ताफ्यातून, शेकडो नौका अटलांटिक ओलांडतात आणि त्यांतल्या कितीतरी अशाच कारखान्यातल्या, बोल्टच्या कीलच्या असतात. जून १९९८ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या नौकांना वर्ग ठरवून द्यावा लागतो, आणि ‘अ’ वर्ग मिळवायचा तर वाऱ्याच्या ब्यूफोर्ट मोजपट्टीवर ८ पेक्षा जास्त वारा आणि ४ मीटरपेक्षा उंच लाटा सोसण्याची रचना असावी लागते. शिवाय ४२ फुटी नौका पाण्यावर लांब असते, म्हणून वेगवान असते. २,७०० सागरी मैल ताशी ५ सागरी मैलांनी जायला साडेबावीस दिवस लागतात, ६.५ ने गेलात तर सव्वासतरा. पाच दिवस कमी उघड्यावर राहणे हीसुद्धा सुरक्षितताच आहे. आमच्या घरातला मचवा जड आणि भक्कम होता, पण वादळ यायच्या आधी बंदर गाठायचे असले, की आजोबा त्याच्या संथपणाबद्दल हळहळत, हे मी स्वतः ऐकले आहे.

दक्षिणायन

आम्ही न्यूझीलंडच्या उत्तरेला ओपुआत राहतो. युरोपातून पॅसिफिक ओलांडून येणारी अनेक जोडपी इथे पोचून थकतात आणि नौका विकून घरी परततात, त्यामुळे जुन्या महासागरी नौकांचा हा चांगला बाजार आहे. सहा वर्षांपूर्वी आम्ही इथेच ३८ फुटी नौका घेतली आणि तेव्हापासून टोंगा, फिजी आणि न्यू कॅलेडोनियाला जाऊन आलो.

हर्णैचा यांचा वेगाचा मुद्दा रिकाम्या नौकेला लागू पडतो. दोन माणसांचे एक वर्षाचे घर नौकेत चढले, की काय होते ते लिहिते. माणशी रोज ४ लिटर पाणी धरले, तर दोघांचे तीस दिवसांचे २४० लिटर; त्यावर डिझेल, साठवणीचे धान्य, साखळीसह दोन नांगर, हत्यारे, सुटे भाग, जीवनतराफा. दीड-दोन टन कधी झाले ते कळत नाही. जड नौका ते निमूटपणे पोटात घेते. हलकी, रुंद नौका पाण्यात बसते, तिचा वेग जातो आणि लाटेवर ती आदळू लागते. आमच्या नौकेची पाण्याची रेघ आम्ही दोनदा वर रंगवली आहे.

दुसरी गोष्ट उलटण्याची. १९७९ च्या ऑगस्टमधल्या फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या होत्या. वादळात १५ स्पर्धक गेले, ५ नौका बुडाल्या आणि २४ सोडून द्याव्या लागल्या. त्यानंतर नौका किती अंशांपर्यंत कलली तरी स्वतःहून सरळ होते, या कोनाकडे सगळ्यांचे लक्ष गेले. सर्वांत लहान गटातून शर्यत पूर्ण करणारी एकच नौका होती, ‘असेंट’ नावाची, काँटेसा बनावटीची ३२ फुटी, आणि तिचा हा कोन मोठा आहे. दलालाकडून दोन्ही नौकांचे आकडे मागवा. लांबच्या प्रवासासाठी मी १२० अंशांच्या खाली जाणार नाही.

आता आमच्याकडून झालेली चूक सांगते. डोलकाठीच्या तारा चार वर्षांपूर्वी बदलल्या, असे विक्रेत्याने तोंडी सांगितले आणि एका रिगरने, म्हणजे डोलकाठी आणि तारांचे काम करणाऱ्याने, जमिनीवरून दुर्बिणीने बघून होकार दिला. आम्ही पावती मागितली नाही. टोंगाच्या वाटेवर चौथ्या दिवशी, पहाटे तीन वाजता, वाऱ्याकडच्या खालच्या तारेचे तीन पदर तिच्या दट्ट्याच्या, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडाच्या, तोंडाशीच तुटलेले मला हाताला लागले. शीड उतरवले, जाड दोराने डोलकाठी बांधली आणि उरलेले पाच दिवस निम्म्या शिडावर काढले. तारेवर रोज हात फिरवायची सवय होती, एवढेच नशीब. नंतर कळले, की बदलल्या होत्या त्या फक्त पुढच्या-मागच्या तारा. स्टेनलेस स्टीलचा शत्रू म्हणजे जिथे ओलावा पोचतो पण हवा पोचत नाही अशी फट. दट्ट्याच्या आत आणि चेनप्लेट (तारेचे खालचे टोक जिला अडकते ती पट्टी) डेकमधून खाली उतरते तिथे स्टील वरून चकचकीत दिसते, पण आतून खाल्ले जाते. म्हणून तारा दहा वर्षांच्या पुढच्या असतील, तर कशाही दिसल्या तरी बदलायच्या म्हणून किंमत मांडा. अनेक विमा कंपन्याही तेच मागतात.

आणि काका, म्हणजे मुख्य_अभियंता, यांना एक विनंती. चेनप्लेटच्या रंगद्रव्य चाचणीबद्दल आपण लिहावे.

मुख्य_अभियंता

ताईंनी चांगली आठवण दिली. चेनप्लेट म्हणजे तार ज्या पोलादी पट्टीला अडकते ती पट्टी. ती काढून, स्वच्छ करून तिच्यावर लाल रंगाचे पातळ द्रव्य लावतात. ते भेगेत झिरपते. वरचे पुसून पांढरी पावडर फवारली, की भेगेतला लाल रंग बाहेर येऊन रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारी भेगही अशी सापडते. मात्र पट्टी जागेवर असताना डेकच्या जाडीत लपलेला भाग तपासता येत नाही, आणि भेग नेमकी तिथेच जाते.

जमाखर्च

मी नेदरलँड्समध्ये हिशेबतपासनीस आहे. पोलादाबद्दल मला काही सांगता येणार नाही, पण कागदांबद्दल सांगतो, कारण नौका भक्कम निघाली आणि कागद पोकळ निघाले तर नुकसान तेवढेच आहे.

आपण ब्रिटनमध्ये राहता. ग्रीसमधली नौका घेऊन ब्रिटनमध्ये आणली, तर आयातीवेळी २० टक्के व्हॅट लागण्याची तयारी ठेवावी. ६८,००० वर ते १३,६०० होतात, म्हणजे आपली एकूण रक्कम तिथेच ओलांडली जाते. नौका युरोपीय संघाच्या पाण्यातच ठेवून तिथूनच निघायचे ठरवले, तर तिच्यावर संघातला व्हॅट भरल्याचा मूळ पुरावा हवा, आणि आपण दोघे ब्रिटिश पारपत्रावर असाल तर शेंजेन क्षेत्रात १८० दिवसांत ९० दिवसच राहता येईल, त्यामुळे तिथे बसून नौका सज्ज करण्याचे वेळापत्रक अवघड होते.

ब्रिटनमधल्या नोंदणीत एक बारकावा आहे. लहान नौकांची जी स्वस्त आणि सोपी नोंदवही आहे, ज्याला भाग ३ म्हणतात, ती मालकीचा पुरावा नसते. भाग १ मध्ये मालकी तपासून नोंदवली जाते आणि नौकेवर गहाण असेल तर तेही तिथे नोंदवता येते. फाल्मथच्या नौकेची नोंद कशात आहे ते पाहा आणि १९८४ पासूनची विक्रीपत्रांची साखळी मागा. नौकेवरची काही देणी मालकाबरोबर न जाता नौकेबरोबर जातात. व्यवहार नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे दहा टक्के इसारा देऊन, सर्व्हे आणि समुद्रचाचणी समाधानकारक निघाल्यासच पुढे, अशा लेखी अटीवर करावा. आणि सर्व्हेअर आपण निवडावा, दलालाने सुचवलेला घेऊ नये.

विम्याची चौकशीही खरेदीआधी करा. कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर या चक्रीवादळांच्या हंगामात नौका कुठल्या अक्षांशाच्या दक्षिणेला असावी, अशी अट बहुतेक कंपन्या घालतात. १ जुलै २०२४ रोजी ‘बेरिल’ चक्रीवादळाने कॅरियाकू बेटावरच्या नौकांची जी वाताहत केली, त्यानंतर अशा अटींकडे दुर्लक्ष करता येत नाही. त्या भागातून स्वस्तात विकायला येणाऱ्या नौकांचा वादळातला इतिहासही विचारून घ्यावा.

मांडवीकाठ

हर्णैचा यांच्या मुद्द्याला उत्तर राहिले होते. ‘अ’ वर्ग हा नौका नवी असतानाच्या रचनेचा दाखला आहे. वीस वर्षे वापरल्यानंतरच्या अवस्थेचा नाही. नव्या अवस्थेत मीही त्या नौकेवर अटलांटिक ओलांडला असता. दुसरे म्हणजे सुकाणू. ४२ फुटीचे सुकाणू एका दांड्यावर मोकळे लटकलेले असणार. लांब कीलच्या नौकेचे कीलच्या मागच्या कडेला टेकलेले असते, म्हणून तरंगते लाकूड किंवा मासेमारीचे जाळे आधी कीलला लागते. एकट्याने जगप्रदक्षिणा करायच्या २०२२-२३ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत कमांडर अभिलाष टॉमी २३६ दिवसांत दुसरे आले ते ‘बायनात’ या ३६ फुटी, लांब कीलच्या, रस्लर बनावटीच्या नौकेवर. त्या शर्यतीत १९८८ पूर्वीचीच रचना चालते, त्यामुळे आधुनिक नौकांशी ही तुलना होत नाही, हे मान्य. पण त्या आकाराच्या नौकेत एक माणूस दक्षिण महासागर पार करू शकतो, एवढे तर त्यातून नक्की कळते.

वायव्य_वारा

सर्वांचे मनापासून आभार. मधल्या पाच आठवड्यांत बरेच घडले, म्हणून सविस्तर लिहितो.

ग्रीसच्या नौकेचे स्थिरतेचे आकडे मागवले. कोन ११४ अंश निघाला. व्हॅटचा मूळ कागद मालकाला सापडला नाही. तिथेच तो विषय आम्ही थांबवला. पत्नीला थोडे वाईट वाटले, कारण तिथल्या स्वयंपाकघरात दोघांना उभे राहता येत होते.

फाल्मथची नौका सात आठवड्यांपासून जमिनीवर कोरडी उभी होती. सर्व्हेअर दीड दिवस तिच्यात होता. हल उत्तम आहे; तळाला मोजके फोड आहेत, तेही जेलकोटपुरते. डेकवर डाव्या बाजूच्या दोन खांबांभोवती बोदा आवाज आहे आणि तेवढा भाग उघडून बाल्सा बदलावा लागेल. तारा २००९ च्या आहेत, पावत्यांसह, म्हणजे सगळ्या बदलायच्या. इंजिन थंड असताना पहिल्या फिरकीत सुरू झाले, पण पूर्ण वेगावर अठराव्या मिनिटाला काटा वर सरकू लागला, अगदी काकांनी लिहिले होते तसाच. हीट एक्स्चेंजर बदलायचा आहे. सहा चेनप्लेटांपैकी दोन काढून रंगद्रव्याची चाचणी केली आणि दोन्हींवर डेकच्या जाडीतल्या भागात लाल रेघ उमटली. हा अहवाल समोर ठेवल्यावर मालक ५४,००० वरून ४६,५०० वर आले. दुरुस्तीचा अंदाज १४,००० आहे. उरलेल्या ९,५०० मध्ये वाऱ्यावर चालणारे सुकाणू आणि जीवनतराफा बसवायचा प्रयत्न आहे. रडारचा विचार सोडला.

व्यवहाराच्या दिवशी आम्ही फाल्मथच्या धक्क्यावर बराच वेळ उभे होतो. मुंबईत सागवानात बांधलेली ‘सुहैली’ एकट्याने, न थांबता केलेल्या पहिल्या जगप्रदक्षिणेनंतर ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांना घेऊन याच बंदरात परतली होती. ती तर ३२ फुटीच होती.

एक प्रश्न उरला आहे. सहाही चेनप्लेट नव्या करून घेताना जुन्याच मापाच्या कराव्यात की जाड?

मुख्य_अभियंता

अभिनंदन. सहाही बदलताय हे योग्य. दोघींना भेग आहे तर बाकीच्या चौघींचे वयही तेच आहे.

जाडी वाढवायची असल्यास वरच्या टोकाला तार अडकवणाऱ्या टॉगलच्या फटीत पट्टी बसते ना, हे आधी मोजा, नाहीतर सगळे जोड बदलावे लागतील. धातू ३१६ एल प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्या आणि कडा व भोके आरशासारखी घासून घ्या, कारण खरबरीत पृष्ठभागावरच खाणे सुरू होते. पट्टीला जिथे बाक आहे तो जुन्या पट्टीवर ठेवून तंतोतंत जुळवा. तार ज्या रेषेत ओढते त्याच रेषेत पट्टी असली पाहिजे, अंशभरही तिरकी नको. डेकमधली फाट थोडी मोठी करून कडेचे ओले बाल्सा खरवडून काढा, तिथे इपॉक्सी भरा आणि मग नव्याने फाट पाडा. जुन्या पट्ट्या वर्कशॉपमधून परत मागून घ्या आणि त्यांपैकी भेग नसलेली एखादी निघाली, तर सुट्या भागांच्या पेटीत ठेवा. बसवताना सीलंट लावलेत, की त्या दिवशीची तारीख नोंदवहीत लिहा.